मांगाचा खंड आणि सुपरहिरोंचा खंड: एकाच मापाने का मोजू नयेत

ताकेरू होकाझोनोच्या ‘कागुराबाची’ या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा, पहिला खंड आणि लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रागोटा यांच्या अमेरिकी कॉमिकचा, म्हणजे ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला खंड. दोन्ही अलीकडचे, दोन्हींवर १ हा आकडा, आणि दोन्हींत वडिलांच्या खुनाची जखम घेऊन जगणारा मुलगा. त्यामुळे परीक्षणे एकाच साच्यात लिहिली जातात. ‘कागुराबाची’बद्दल तक्रार येते की गोष्ट अर्धवट सुटली, आणि बॅटमॅनचे सगळे श्रेय एकट्या लेखकाच्या पदरात पडते.

मांगाचा खंड, ज्याला जपानीत तांकोबोन म्हणतात, तो नियतकालिकातून घडतो. ‘कागुराबाची’ सप्टेंबर २०२३पासून ‘वीकली शोनेन जंप’मध्ये येते, दर आठवड्याला साधारण वीस पानांचे एक प्रकरण. अशी प्रकरणे साचली की दोनशेच्या आसपास पानांचा खंड बांधतात. तो कुठे तोडायचा हे बरेचदा पानांच्या हिशोबावर ठरते, त्यामुळे ऐन लढाईतही खंड संपू शकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पहायचे ते वेगळेच. ‘जंप’मध्ये वाचकांचा कौल सतत घेतला जातो आणि न रुजलेली मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. पहिल्या खंडाला म्हणूनच घाई असते. त्या घाईतही लेखकाने श्वास घ्यायला जागा ठेवली का? होकाझोनोने ठेवली आहे. तलवारी घडवणारा बाप, त्याच्या हाताखाली शिकणारा मुलगा चिहिरो, त्यांची थट्टामस्करी, घरातले गोल्डफिश हे सगळे आधी येते. सूड त्यानंतर. पुढे चिहिरोची तलवार चालते तेव्हा तिची जादू गोल्डफिशच्याच रूपात पानभर सळसळते. रंग नाही, फक्त काळे-पांढरे, तरी नजर अडखळत नाही. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय एका प्रकरणात होते.

सुपरहिरोंचा खंड मासिक अंकांचा. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाले आणि ‘द झू’ या पहिल्या खंडात पहिले सहा अंक आहेत. असे सहा अंक बहुधा एक कथानक म्हणूनच आखलेले असतात, म्हणून इथे शेवट सैल पडला तर तो दोष मोठ्याने सांगायला हवा. आणखी एक गोष्ट तपासावी. दर अंकाच्या शेवटी ताण चढवायचा असतो. महिनाभर थांबणाऱ्या वाचकाला त्यात मजा येते, पण सहा वेळा सलग आले की कंटाळा येऊ शकतो. स्नायडर प्राणिसंग्रहालयातली वडिलांच्या खुनाची जुनी घटना थोडी थोडी उलगडत सहाही अंकांना बांधून ठेवतो, आणि मला हे या खंडाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

शिवाय बॅटमॅन १९३९पासूनचा. त्याची गोष्ट वाचकाला पाठ आहे, तेव्हा परीक्षणाने विचारायचे की बदलले काय आणि त्या बदलातून निघाले काय. इथे ब्रूसकडे, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनकडे, हवेली नाही, संपत्ती नाही. तो इंजिनिअर आहे, आई जिवंत आहे, वडील शाळामास्तर होते. म्हणून हा बॅटमॅन आपल्या गॉथम शहराकडे रस्त्यावरून पाहतो, आणि छातीवरचे चिन्हसुद्धा उपटून कुऱ्हाडीसारखे वापरतो.

श्रेयाचा मुद्दा यातूनच येतो. ‘कागुराबाची’ची कथा आणि चित्रे एकाच माणसाची. मदतनीस असतात, पण चौकटीची मांडणी आणि संवाद एकाच डोक्यातून येतात. बॅटमॅन कंपनीच्या मालकीचा आणि खंड अनेक हातांचा. ‘द झू’मधला चौथा अंक ड्रागोटाने नव्हे, गॅब्रिएल हर्नांदेझ वाल्टाने काढला आहे. रेषा तिथे बदललेली दिसते. फ्रँक मार्टिनच्या रंगांशिवाय तर ही पाने इतकी जड आणि धोकादायक वाटलीच नसती. परीक्षणात ही नावे यायलाच हवीत.

विकत घेताना एवढे पहा. मांगाचा १ म्हणजे सुरुवात, पुढे २, ३ सरळ रेषेत. ‘चेनसॉ मॅन’ या मांगाचा दुसरा भाग ‘जंप’ साप्ताहिक सोडून अ‍ॅपवर गेला, तरी खंडांचे आकडे १२पासून पुढेच चालू राहिले. ‘बॅटमॅन खंड १’ मात्र अनेक आहेत: स्नायडर-कापुलोचा ‘द कोर्ट ऑफ आऊल्स’, टॉम किंगचा ‘आय अ‍ॅम गॉथम’, आणि चिप झ्डार्स्कीचा ‘फेलसेफ’, जो मासिकाच्या १२५व्या अंकापासून सुरू होतो. लेखकाचे नाव आणि उपशीर्षक न लिहिलेले परीक्षण वाचकाला भलतेच पुस्तक घ्यायला लावते.