काळ्या टाकीत काटकसर नडते

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि भारतातून आई-बाबा आले, की बऱ्याच मराठी घरांत यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यनचा बेत ठरतो. सात-आठ माणसं, लांबचा पल्ला, त्यात कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं. मग आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली जाते. गाडी ताब्यात देणारा माणूस शेगडी, फ्रिज, जनरेटर भराभर दाखवतो आणि शेवटी बाहेरच्या बाजूला, खाली, ‘ब्लॅक’ लिहिलेल्या हँडलपाशी थांबतो. तोवर मुलं आतल्या बंकवर चढलेली असतात आणि मोठ्यांचं लक्ष सामान लावण्याकडे असतं.

ते हँडल संडासाच्या टाकीचं. आरव्हीला टाक्या तीन: एक चांगल्या पाण्याची, एक सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची ‘ग्रे’, आणि तिसरी संडासाखालची ‘ब्लॅक’. मध्यम आकाराच्या गाडीत ही तिसरी साधारण ११५ ते १५० लिटरची, प्लास्टिकची आणि पसरट असते. तिच्यात मैला फक्त साठतो, प्रक्रिया होत नाही. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, नेऊन तो आपल्यालाच सोडावा लागतो, आणि हे काम घाण असलं तरी अवघड नाही. ते अवघड होतं पाणी कमी पडलं तर.

अमेरिकेत १९९४पासून घरांसाठी बनणाऱ्या नव्या संडासांना एका फ्लशला जास्तीत जास्त सहा लिटरची मर्यादा आहे. आरव्हीत पेडल दाबलं की जेमतेम लिटर-दोन लिटर पाणी येतं. टाकी लवकर भरू नये म्हणून आपण तेही अर्धवटच दाबतो. पाणी जपून वापरायची सवय एरवी चांगलीच, पण इथे तीच अंगाशी येते. टाकीत मैला आणि कागद जास्त, पाणी कमी, अशी घट्ट लगदी तयार होते. टाकीच्या बुडाशी तीन इंची पाइप असतो आणि त्याला सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह. पंप वगैरे काही नाही. जे वाहतं ते स्वतःच्या वजनाने.

सतराव्या शतकात इटलीच्या टोरिचेलीने दाखवून दिलं, की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. टाकीत ३२ सेंटिमीटर पाणी असेल तर आदर्श वेग सेकंदाला अडीच मीटर. ८ सेंटिमीटर असेल तर सव्वा मीटर. पाइपातल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात दोन्ही कमी भरतात, पण मुद्दा तोच राहतो: उथळ पाणी रेंगाळत जातं आणि घन भाग मागे ठेवून जातं. म्हणून टाकी निदान दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडायची नाही. लवकर सोडावीच लागली, तर आधी पाणी ओतून पातळी वाढवायची.

याच कारणाने एक सोयीची वाटणारी गोष्ट सगळ्यात महागात पडते. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजसारख्या आरव्ही पार्कमध्ये गाडी उभी करायच्या जागेवरच सांडपाण्याची जोडणी मिळते. होज लावला, व्हॉल्व्ह उघडा ठेवला, आता जाईल आपोआप, असं कुणालाही वाटेल. जातं, पण फक्त पाणी. संडासाच्या बरोबर खाली मैल्याचा आणि कागदाचा ढीग साचत जातो, वाळतो आणि दगडासारखा होतो. ग्रे टँकचा व्हॉल्व्ह एकवेळ उघडा चालेल, ब्लॅकचा सोडायच्या वेळेपर्यंत बंदच हवा.

ढीग झाला नाही तरी भिंतींवर कीट धरतोच, आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. अमोनियामुळे टाकीतलं पाणी अल्कधर्मी होतं आणि मग त्यात विरघळलेले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट क्षार बाहेर पडून भिंतीला चिकटतात, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तसे. या खरबरीत थरात कागदाचे तुकडे अडकतात. टाकी किती भरली हे सांगणारे दिवे बहुधा भिंतीतल्या धातूच्या खिळ्यांवर चालतात: दोन खिळ्यांमध्ये ओल आली, वीज वाहिली, दिवा लागला. खिळ्यांवर ओला कीट बसला की टाकी रिकामी असूनही दिवा ‘भरली’ म्हणतो. दिव्यांवर विसंबून राहू नका, टॉर्च मारून संडासातून खाली बघा. हे क्षार आम्लात विरघळतात, त्यामुळे सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने थर सुटतो. टाकीत बर्फ टाकून गाडी फिरवा म्हणजे टाकी घासली जाते, हा सल्ला मात्र हसून सोडून द्यावा. बर्फ तरंगतो, घाण तळाशी असते.

ब्लीच तर मुळीच ओतू नये. टाकीत अमोनिया तयारच असतो. त्याच्याशी ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन हा फुप्फुसांना झोंबणारा वायू सुटतो. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन. फॉर्माल्डिहाइडवाली जुनी औषधं वास दाबतात, पण ती जिवाणू मारूनच. दूरच्या कॅम्पग्राउंडवर बऱ्याचदा आपला सगळा मैला तिथल्या सेप्टिक टँकमध्ये जातो, आणि तिथलं काम जिवाणूंच्याच भरवशावर चालतं.

वासाचंही जाता जाता. घरच्या संडासाच्या वाकड्या पाइपात कायम थांबणारं पाणी वायूला अडवतं. आरव्हीत तो बाक नाही; एक झडप, तिचं रबर आणि वर थोडंसं पाणी, एवढाच अडसर. छतावरचा पंखा चालू असताना झडप उघडली, तर गाडीतल्या कमी दाबामुळे टाकीतली हवा थेट आत ओढली जाते. आधी पंखा बंद, मग पेडल. त्या हवेत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो अगदी थोडा असतानाच नाकाला कळतो. पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणून उघड्या पाइपावर तोंड नेऊन आत डोकावू नये.

आता धुणं. बऱ्याच गाड्यांना बाहेरून ‘टँक फ्लश’ची तोटी असते. तिला होज जोडला की टाकीतल्या फवाऱ्यातून भिंतींवर पाणी मारलं जातं. हे ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून करायचं. काही जण तो बंद करून टाकी थोडी भरतात आणि मग सोडतात. त्याने धुलाई चांगली होते, पण नळापासून हलायचं नाही. मिनिटाला पंधरा लिटर पाणी येत असेल तर १५० लिटरची रिकामी टाकी दहा मिनिटांत काठोकाठ भरते. त्यानंतर पाणी झडपेतून संडासात उसळतं. झडप घट्ट असेल तर ते छतापर्यंत गेलेल्या हवेच्या पाइपात चढतं, आणि तिथे पास्कलचा नियम लागू होतो. पाइप बारीक असला तरी दाब ठरतो तो उंचीवर. टाकीच्या वर अडीच मीटर पाणी उभं राहिलं, तर टाकीच्या ०.७ चौरस मीटरच्या वरच्या बाजूवर पावणेदोन टन वजनाइतका जोर आतून येतो. प्लास्टिकची टाकी फुगते, जोड उकलतात. सोबतच्या माणसाशी गप्पा मारताना हे घडतं.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. मुख्य नळातला दाब अचानक पडला, तर जोडलेल्या होजमधून घाण पाणी मागे ओढलं जाऊ शकतं. शिकागोत १९३३ साली, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत, दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाच्या आवेने हजारावर माणसं आजारी पडली आणि ९८ मेली. म्हणून फ्लशच्या वाटेवर हवा आत घेऊन ओढ तोडणारी झडप असते. ती नीट आहे ना हे पाहावं. आणि या कामाचा होज वेगळाच ठेवावा, शक्यतो वेगळ्या रंगाचा. डंप स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक धुण्याचा. धुण्याच्या नळाचा होज लोक बिनदिक्कत मैला सोडायच्या सीवर होजच्या तोंडात खुपसतात, त्यामुळे ‘पिण्यायोग्य नाही’ ही तिथली पाटी खरी मानावी.

प्रत्यक्ष कामात घाई नको. ग्लोव्हज घालून टाकीच्या पाइपाचं टोपण सावकाश फिरवायचं, खाली बादली धरून, कारण गळक्या व्हॉल्व्हमागे थोडं साचलेलं असतंच. सीवर होजचे अडकवायचे आकडे चारही बसले का पाहायचं, दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात घट्ट रोवायचं, मग आधी ब्लॅक सोडायची. होजच्या सुरुवातीला पारदर्शक तुकडा लावला असेल तर पाणी कधी नितळ झालं ते दिसतं. तेवढं फ्लश केलं की पुरे. ग्रे मागाहून सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आतून धुतला जातो. शेवटी व्हॉल्व्ह बंद करून टाकीत दहाएक लिटर पाणी ओतायचं, बूड झाकलं जाईल इतकं.

ओले वाइप्स टाकीत टाकू नयेत, त्यांचे धागे विरत नाहीत. कागद चालेल का हे बरणीत पाणी घेऊन, तो टाकून, हलवून कळतं. कागदाऐवजी पाणी वापरणाऱ्यांची सवय इथे फायद्याचीच: कागद कमी आणि पाणी जास्त, टाकीला दुसरं काय हवं? ती लवकर भरेल एवढंच. हात मात्र साबणाने आणि वाहत्या पाण्यानेच धुवायचे. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला शंभराहून कमी कण पुरतात आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.