छप्पर गळतंय असं वाटलं तर आधी हे वाचा
(पावसाळ्यात कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, भाड्याने घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

जून ते सप्टेंबर आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन एकच: "छप्पर गळतंय, माणूस पाठवा." गोव्यात मांद्रे किंवा आगोंदला माणूस पोहोचेपर्यंत तुमचा अर्धा दिवस वाट बघण्यात जातो, आणि बहुतेक वेळा छपराला काही झालेलंच नसतं. छताला आतून दव धरलेलं असतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा ओलीगच्च असते. साधारण 24 अंशांपेक्षा थंड पत्रा, काच किंवा स्क्रू तिला लागला की त्यावर पाणी सुटतं. तुम्ही एसी 18 वर लावता आणि मोकळं वाटावं म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवता. बाहेरची हवा आत येत राहते आणि थंड छताला थेंब धरतात. रात्री वीज गेली, दार उघडलं, की तेच थेंब अंथरुणावर.

म्हणून एकच नियम पाळा. एसी चालू असेल तर दार-खिडक्या पूर्ण बंद आणि तापमान 26. एसी बंद असेल तर छतावरचा झरोका आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या, पंखा चालू. दोन्ही एकदम नको. 26 वर गारवा कमी वाटेल, पण हवेतली ओल निघाल्यावर झोप छान लागते.

स्वयंपाक करताना मात्र एसी बंद करून झरोका उघडाच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, भाताची वाफ वेगळीच. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाकाला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शेगडी वाळूवर नेऊ नका. आणि शेगडीजवळ जमिनीलगत जी जाळी आहे, ती डास येतात म्हणून कापडाने बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तिथूनच बाहेर जातो.

ओले टॉवेल आत वाळत घालू नका, ऑनिंगखाली (दाराबाहेरच्या कापडी छताखाली) दोरी बांधा. सकाळी गाद्या उभ्या करून भिंतीला टेकवा. गादीखालची फळी थंड राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. गादीला बुरशी धरली की ती टाकावीच लागते. अनामत घेतो ती याचसाठी. कपाटातले ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे कपाटातच राहू द्या, उघड्या खोलीत त्यांचा उपयोग नाही. ते कलंडवू नका, त्यातलं पाणी लोखंडाला गंजवतं आणि कातडीला झोंबतं.

खरी गळती ओळखायची असेल तर वीतभर ॲल्युमिनियम फॉईल छताला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. फॉईलच्या खालच्या अंगाला थेंब असतील तर ते दव. फॉईल आणि छताच्या मधे ओल असेल तर गळती. गळतीचं पाणी एकाच जागी, सांध्यापाशी येतं आणि पिवळसर डाग सोडतं. तसा डाग दिसला तर फोटो पाठवा, आम्ही लगेच निघतो. प्रत्येक भाड्याआधी छपरावर पाइपने पाणी सोडून सगळे सांधे तपासतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

बाकी थोडक्यात. ऑनिंगचा एक पाय वीतभर खाली ठेवा, नाहीतर वर पाण्याचं डबकं साचून दांडे वाकतात. वारा सुटला की ऑनिंग गुंडाळा. माडाखाली ट्रेलर उभा करू नका. वाळूवर गाडी नेणं बेकायदा आहे आणि चाकं रुततात ते वेगळंच. जागा जांभ्याची, उंचावरची निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येतं. काणकोणच्या वाटेवरच्या करमल घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. खाऱ्या हवेने ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या 7 पिनी प्लगवर हिरवट थर चढतो आणि ब्रेकलाइट जातात, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही दिवे पेटतात का बघा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीच्या ओढीने येणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये यावं. तेव्हा सोमवार ते गुरुवार आमचे दरही कमी असतात, आणि मोठ्या झरोक्याचे ट्रेलर त्या दिवसांत सहज मिळतात.