कमोडोर १५४१ ड्राइव्ह : दोष व निदान

कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला जोडला जाणारा ५.२५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह. तो १९८२ च्या सुमारास बाजारात आला. व्हिक-२० या कमोडोरच्याच आधीच्या संगणकासाठीचा १५४० हा ड्राइव्ह त्याचा पूर्वावतार होय. फ्लॉपीच्या एका बाजूवर ३५ ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे) व ६८३ सेक्टर (त्या पट्ट्यांचे तुकडे) असून सुमारे १७० किलोबाइट माहिती मावते. ड्राइव्हमध्ये स्वतंत्र ६५०२ प्रक्रियक, २ किलोबाइट रॅम आणि रॉममधील आज्ञावली असल्याने तो स्वतःच एक लहान संगणक ठरतो. त्यामुळे बिघाड संगणकात आहे, केबलीत आहे की ड्राइव्हमध्ये, हे आधी ठरवावे लागते.

मंदगती हा बिघाड नव्हे. मूळ वेग सेकंदाला सुमारे ४०० बाइट असल्याने ४० किलोबाइटांचा खेळ चढायला पावणेदोन मिनिटे लागतात. या मंदपणाच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार ६५२२ चिपच्या शिफ्ट रजिस्टरमधील (बिट एकामागोमाग एक पाठवणाऱ्या भागातील) दोषामुळे व्हिक-२० च्या वेळीच प्रत्येक बिट आज्ञावलीकडून पाठवावा लागला आणि तीच पद्धत पुढे चालू राहिली. दुसऱ्या मतानुसार कमोडोर ६४ च्या सर्किट बोर्डावरून जलद वहनासाठीच्या जोडण्या गळाल्या. पहिले कारण मूळचे आणि दुसरे त्यावर चढलेले मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शिवाय कमोडोर ६४ ची चित्रचिप मधूनमधून प्रक्रियकाला थांबवत असल्याने १५४१ ला आणखी सावकाश चालावे लागले.

खरा कुप्रसिद्ध दोष म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारे-वाचणारे हेड जागेवरून सरकणे. पहिला ट्रॅक ओळखणारा संवेदक या ड्राइव्हमध्ये नाही. फॉरमॅट करताना, म्हणजे कोरी फ्लॉपी वापरासाठी आखून घेताना, किंवा वाचन वारंवार फसल्यास, आज्ञावली हेडला डिस्कवरील ट्रॅकसंख्येपेक्षाही अधिक पावले बाहेर रेटते. ते अडणीवर आदळते आणि रिकाम्या डब्यावर बोटे वाजवावीत तसा खडखडाट ऐकू येतो. नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम सदोष सेक्टर ठेवलेल्या खेळांमुळे हे आदळणे वाढले. हेड सरकण्याचा ठपका पुष्कळदा केवळ या आदळण्यावर ठेवला जातो. हेडला पावलापावलाने हलवणाऱ्या स्टेपर मोटरीच्या दांड्यावर नुसती दाबून बसवलेली पुली उष्णतेने सैल पडते व आदळताना किंचित फिरते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. विद्युतपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर त्याच पेटीत असल्याने उष्णतेची वानवा नव्हती. पुली खिळीने किंवा गोंदाने जखडण्याची दुरुस्ती याच समजावर आधारलेली आहे.

सरकलेल्या हेडची खूण अशी, की ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्या बिनतक्रार वाचतो, पण विकत आणलेल्या किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेल्या वाचताना अडखळतो. म्हणून हेड जुळवण्यापूर्वी त्या ड्राइव्हवर लिहिलेल्या फ्लॉप्यांतील माहिती आधी संगणकात चढवून दुसऱ्या, सुस्थितीतील ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. जुळवणीनंतर त्या वाचता येतीलच असे नाही.

ड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकत असल्यास पंधराव्या चॅनलवरून, म्हणजे ड्राइव्हशी आज्ञा व संदेशांची देवाणघेवाण करण्याच्या मार्गावरून, दोषक्रमांक वाचता येतो. ड्राइव्ह नुकता सुरू केल्यावर येणारा ७३ हा दोष नसून ड्राइव्हच्या आज्ञावलीच्या आवृत्तीची ओळख असते. २० म्हणजे सेक्टरचा शीर्षभाग सापडला नाही, २१ म्हणजे समक्रमणाची खूण मिळाली नाही, २३ म्हणजे माहितीची पडताळणी-बेरीज चुकली आणि २६ म्हणजे फ्लॉपी लेखनबंद आहे. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर २१ येत असेल, तर हेडच निकामी झाल्याचा संशय घ्यावा. फिरत्या खिट्टीच्या, न्यूट्रॉनिक्स कंपनीच्या यंत्रणेत हेडचे वेटोळे तुटणे वारंवार आढळते. खाली दाबण्याच्या झडपेच्या, आल्प्स कंपनीच्या यंत्रणेत ते कमी. मात्र त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसून, त्यावर दाब देणारी नमद्याची गादी झिजली आहे का ते पाहावे. टीव्ही ड्राइव्हला खेटून ठेवल्यासही वाचन बिघडते.

सुरू करताच लाल दिवा पेटून मोटर थांबतच नसेल, तर बिघाड बहुधा रॉम, प्रक्रियक किंवा रिसेटच्या भागात असतो. वीज चालू असताना सहा पिनांची केबल काढल्या-घातल्याने केबलीवर संकेत पाठवणारी ७४०६ ही चिप जळू शकते. फिरण्याचा वेग मिनिटाला ३०० फेऱ्या असावा. चाकाखाली पट्टे छापलेले असल्यास ते ट्यूबलाइटच्या उजेडात स्थिर दिसेपर्यंत वेगाचा स्क्रू फिरवतात. १९८८ च्या सुमारास आलेल्या १५४१-२ या सुधारित आवृत्तीत विद्युतपुरवठा पेटीबाहेर गेला.