रेस्टॉरंटचं बजेट: उभारणीचा खर्च वेगळा, खेळतं भांडवल वेगळं

नवं रेस्टॉरंट काढायला निघालेल्या कुणालाही "एकूण किती लागतील?" असं विचारा, आकडा तयार असतो. जागेचं डिपॉझिट, भटारखान्यातली भट्टी, फ्रीज, टेबलखुर्च्या, रंगकाम, पाटी, परवाने अशी सगळ्यांची कोटेशनं जमवून मारलेली ती बेरीज असते. "आणि दार उघडल्यावर पहिले सहा महिने?" असं पुढे विचारलं की उत्तर जरा सैल येतं: "तोवर गल्ला सुरू होईलच की." घोळ आहे तो इथेच. भांडवल म्हणून एकच रक्कम धरली जाते, प्रत्यक्षात त्या दोन असतात, आणि त्यातली दुसरी बहुतेक वेळा पहिलीतून जे काही उरेल त्यावर सोडून दिलेली असते.

पहिली रक्कम उभारणीच्या खर्चाची. ती दार उघडेपर्यंत लागते, एकदाच लागते आणि वस्तूंमध्ये किंवा कामांमध्ये अडकून बसते. उद्या पैशाची अडचण आली म्हणून भिंतीला लावलेल्या टाइल्स काढून आचाऱ्याचा पगार देता येत नाही. दुसरी रक्कम खेळत्या भांडवलाची. ती कच्च्या मालात, पगारात, गॅसमध्ये, भाड्यात जाते, गिऱ्हाइकाच्या बिलातून परत येते आणि पुन्हा बाहेर पडते. धंदा बसेपर्यंत मात्र जेवढी बाहेर जाते तेवढी परत येत नाही, आणि ही तूट कुठून तरी भरावी लागते. काटेकोर लेखापाल इथे हरकत घेईल: चालू मालमत्तेतून (रोख, माल, येणं) चालू देणी (लवकरच चुकवायची बिलं) वजा केली की राहतं ते खेळतं भांडवल, सुरुवातीची तूट ही त्याहून निराळी गोष्ट. त्याचं बरोबर आहे. पण बजेट मांडताना दोन्हींची गरज दार उघडल्यानंतर आणि रोखीतच पडते, म्हणून ती एका डब्यात ठेवलेली सोयीची.

कोटेशनमध्ये न दिसणारी उभारणी

उभारणीचा खर्च मोजायला तुलनेनं सोपा, कारण प्रत्येक गोष्टीला विकणारा कुणीतरी असतो आणि तो भाव सांगतो. तरीही तो फुगतो, आणि फुगतो तो सहसा डोळ्यांसमोरच्या वस्तूंमुळे नाही. खुर्ची निवडण्यात मालक पंधरा दिवस घालवतो. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी), जमिनीखालचा निचरा, वाढीव वीजभार, आग विझवण्याची यंत्रणा यांच्याकडे मात्र काम अर्ध्यावर आल्यावर लक्ष जातं.

एक्झॉस्टचंच घ्या. भट्टीवर हूड, म्हणजे धूर ओढून घेणारं छत्र, बसवला, पंखा लावला की काम झालं असं वाटतं. पण तो पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी ताजी हवा भटारखान्यात कुठून तरी यायला हवी. ती सोय नसेल तर आतला दाब कमी होतो. दरवाजा ओढताना जड लागतो, बर्नरची ज्योत हेलकावे खाते आणि हूडने ओढायचा धूर जेवणाच्या हॉलकडे वळतो. मग ताज्या हवेसाठी दुसरा पंखा आणि दुसरा डक्ट, म्हणजे हवेचा पत्र्याचा मार्ग, आला. शिवाय धूर बाहेर नेणारा डक्ट छतापर्यंत न्यायचा तर इमारतीच्या मालकाची आणि कधी वरच्या मजल्यांवरच्या लोकांची परवानगी लागते. जागा घेण्याआधी सजावटीच्या माणसाला आणण्यापेक्षा एक्झॉस्ट आणि प्लंबिंगचं काम जाणणाऱ्याला घेऊन फिरणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं.

अशा गोष्टींसाठी उभारणीच्या रकमेवर १० ते १५ टक्के वाढीव तरतूद ठेवतात. जुन्या इमारतीत २० टक्केही जास्त नाहीत. पण ही आकस्मिक तरतूद पहिल्या डब्यातलीच. तिला खेळतं भांडवल समजून दोन्हीकडे मोजलं तर एकच रक्कम दोनदा खर्ची पडते.

दोन्हींच्या मधला खर्च

काही खर्च दार उघडण्याआधी होतात, पण त्यांतून हातात वस्तू राहत नाही. काम चालू असतानाचं भाडं, आधीच नेमलेल्या मुख्य आचाऱ्याचा आणि मॅनेजरचा पगार, वेटरांचं प्रशिक्षण, मेनू पक्का करताना रांधून फेकलेला माल, सुरुवातीची जाहिरात. अनेकजण हे सारं उभारणीत ढकलतात. हिशेबाची पद्धत तसं करू देत नाही. मालमत्तेच्या नोंदीसाठी असलेलं आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस १६ स्पष्ट सांगतं की नवी जागा सुरू करण्याचा, जाहिरातीचा आणि कर्मचारी प्रशिक्षणाचा खर्च यंत्राच्या किंवा इमारतीच्या किमतीत मिळवायचा नाही. तो त्या त्या काळाचा खर्च म्हणून दाखवायचा. म्हणजे पहिलं बिल फाडण्याआधीच वहीत तोटा दिसू लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बजेटमध्ये या खर्चाला स्वतंत्र ओळ द्यावी, कारण त्याचा स्वभाव निराळा आहे: तो महिन्यांवर चालतो. भट्टीची किंमत काम लांबलं म्हणून वाढत नाही, ही ओळ वाढते. परवाना अडकला, सुतार गायब झाला, फ्रीज उशिरा आला की भाडं आणि दोन पगार चालूच. भाडेकरार करतानाच काम पूर्ण होईपर्यंत काही काळ भाडंमाफी मागून घेणं, हा या ओळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. सही झाल्यावर ती माफी कुणी देत नाही.

खेळतं भांडवल: आकडा कसा काढायचा

"तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा" असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. वाईट नाही, पण तीन आणि सहा यांच्यात दुपटीचा फरक आहे. त्यापेक्षा मांडून पाहावं.

समजा विक्री कितीही होवो, दर महिन्याला जाणारा ठरलेला खर्च १०० आहे (हजार म्हणा की आणखी काही, इथे प्रमाण महत्त्वाचं): भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, वीजबिलाचा ठरलेला भाग. आणि विक्रीबरोबर वाढणारा खर्च विक्रीच्या ४० टक्के आहे: कच्चा माल ३२, उरलेल्या ८ मध्ये पॅकिंग, इंधन, कार्डाचं शुल्क आणि डिलिव्हरीचं कमिशन. मग विकलेल्या प्रत्येक १०० मागे ६० हाती राहतात आणि ना नफा ना तोटा या रेषेवर यायला महिन्याची विक्री १०० भागिले ०.६, म्हणजे सुमारे १६७ व्हायला हवी.

आता पहिले महिने. नव्याचे नऊ दिवस असतात, तसं उद्घाटनाच्या महिन्यात नातेवाईक, मित्र, हौशी मंडळी येऊन जातात. विक्री १५० होते, तूट फक्त १०. मालक खूश. दुसऱ्या महिन्यात ती ९५ वर येते, तूट ४३. तिसऱ्यात १००, तूट ४०. मग हळूहळू नेहमीचं गिऱ्हाईक जमत चौथ्यात १२०, पाचव्यात १४०, सहाव्यात १५५. तूट अनुक्रमे २८, १६ आणि ७. सातव्या महिन्यात विक्री १७० झाली की पहिल्यांदा २ शिल्लक पडतात. तोवरच्या तुटीची बेरीज १४४. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी दार उघडल्यावर जवळजवळ दीड महिन्याचा ठरलेला खर्च नुसता जिरतो.

आणि ठरल्याप्रमाणे होत नाही. दुसऱ्या महिन्यापासून विक्री दर महिन्याला अंदाजापेक्षा २० नं कमी राहिली तर सहा महिन्यांची तूट २०४ होते आणि सातव्या महिन्यातही १० कमीच पडतात. उद्घाटन दोन महिने लांबलं आणि त्या काळात भाडं-पगाराचे महिना ४५ जात असतील तर आणखी ९०. ही तूट झाली. त्याशिवाय कोठारात आणि फ्रीझरमध्ये कायम पडून राहणारा माल, गल्ल्यातली सुटी नाणी, आणि विकलं गेलं पण खात्यात अजून आलं नाही असं कार्डाचं व डिलिव्हरी अॅपचं येणं, यांतही पैसा गुंतलेला असतो. साऱ्याची बेरीज ठरलेल्या खर्चाच्या तिपटीवर सहज जाते. सहा महिन्यांचा सल्ला देणारे उगाच भीती घालत नाहीत.

यात जुन्या मालकांचं ऐकून फसायला होतं. "आमच्या धंद्यात खेळतं भांडवल लागतंच कुठं?" असं ते म्हणतात आणि खरंच बोलत असतात. चालत्या रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक जेवून उठताच पैसे देतं, माल तीन-चार दिवसांत संपतो आणि पुरवठादाराचं बिल पंधरवड्यानं किंवा महिन्यानं चुकवायचं असतं. पुरवठादाराच्या पैशावरच धंदा फिरतो आणि वहीत खेळतं भांडवल चक्क उणे दिसतं. पण ती उधारी पत असलेल्याला मिळते. नव्या माणसाकडे पुरवठादार रोख मागतो, गॅस आणि वीज कंपनी डिपॉझिट मागते, आणि माल किती लागेल याचा अंदाज नसल्यानं थोडा सडतो.

पहिल्या वर्षातच नव्वद टक्के रेस्टॉरंटं बंद पडतात, असा एक आकडा सर्रास फेकला जातो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९९६ ते १९९९ या काळात उघडलेल्या रेस्टॉरंटांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षीचं प्रमाण सुमारे २६ टक्के निघालं आणि तीन वर्षांत मिळून साधारण ६० टक्के, तेही मालकी बदललेली रेस्टॉरंटं धरून. म्हणजे नव्वदची भीती खोटी, पण पहिलं वर्ष पार पडलं म्हणजे सुटलो असंही नाही.

पैसा एका डब्यातून दुसऱ्यात सरकतो तेव्हा

दोन्ही रकमा वेगळ्या मांडल्या की काही निर्णय निराळेच दिसू लागतात. जुना फ्रीझर निम्म्या किमतीत घेतला तर उभारणी स्वस्त झाली, पण दुरुस्ती, वाढीव वीजबिल आणि एखाद्या रात्री बंद पडला तर आतला माल, हे सगळं दुसऱ्या डब्यातून जाणार. यंत्र भाड्यानं घेतलं तरी तेच: सुरुवातीची रक्कम वाचते, महिन्याचा ठरलेला खर्च वाढतो आणि ना नफा ना तोट्याची रेषा वर सरकते. वरच्या उदाहरणात ठरलेला खर्च १०० चा ११० झाला तर १६७ ऐवजी सुमारे १८३ विकावे लागतील. हलत्या भागांची यंत्रं, म्हणजे कॉम्प्रेसर असलेलं काहीही, नवं घ्यावं. स्टीलची टेबलं, सिंक, रॅक खुशाल जुनं घ्यावं. त्यात बिघडण्यासारखं आहे काय?

वहीतला नफा आणि गल्ल्यातली रोख यांची जुळणीही इथेच चुकते. भट्टीची किंमत ९६ आणि ती ८ वर्षं चालणार असं धरलं, तर घसारा म्हणून वर्षाला १२ खर्च दिसतो, पण त्या वर्षी खिशातून काहीच जात नाही. पैसे आधीच गेलेले असतात. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल याच्या उलट: ते नफातोटा पत्रकात खर्च म्हणून दिसतच नाही, फक्त व्याज दिसतं, पण दर महिन्याला खात्यातून वजा होतं. म्हणून वर ठरलेल्या खर्चात पूर्ण हप्ता धरला आणि घसारा धरला नाही. जागेचं डिपॉझिट कधीतरी परत येईल, त्यामुळे तो खर्च नव्हे. मात्र तोवर ते वापरताही येत नाही. आणि बिलावर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यात असतो म्हणून आपला वाटतो. तो भरायची तारीख येते तेव्हा भाड्याचीही तारीख आलेली असते. कराचं वेगळं खातं पहिल्या दिवशीच उघडावं.

मालकाचा घरखर्च कुठे लिहायचा, हे विचारायला लोक संकोचतात. दुसऱ्या डब्यात, ठरलेल्या खर्चात, पगाराशेजारी. "मी सहा महिने काही घेणार नाही" असं म्हणणारा दुसऱ्या महिन्यापासून गल्ल्यात हात घालतो, फक्त त्याची नोंद राहत नाही.

कर्ज काढायचं असेल तर बँकाही या दोन गरजा वेगळ्याच पाहतात. यंत्रं आणि बांधकामासाठी मुदत कर्ज, काही वर्षांत हप्त्यांनी फेडायचं. खेळत्या भांडवलासाठी मर्यादा ठरवून दिलेलं खातं, ज्यातून हवं तेव्हा काढायचं, विक्रीतून भरायचं आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज द्यायचं. उभारणी फुगली म्हणून या दुसऱ्या खात्यातून किंवा क्रेडिट कार्डातून भट्टीचे पैसे चुकवले, तर आठ वर्षं वापरायची वस्तू काही महिन्यांत फेडायच्या पैशानं घेतली असं होतं. त्यापेक्षा खर्च फुगल्याचं दिसताच हॉलचा एक भाग सध्या बंद ठेवून निम्म्या टेबलांनी सुरुवात करावी. एक्झॉस्ट, निचरा आणि वीजभार मात्र पूर्ण क्षमतेचेच करून घ्यावेत, कारण टेबलं कधीही वाढवता येतात, पण चालू भटारखान्यात फरशी फोडायची तर तेवढे दिवस रेस्टॉरंट बंद ठेवावं लागतं.