एरर सातव्या ओळीवर, चूक सहाव्या

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात हे होतं: कंपायलर (आपण लिहिलेला कोड वाचून त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) सातव्या ओळीवर एरर दाखवतो आणि सातवी ओळ कितीही वेळा वाचली तरी बरोबरच दिसते. ती खरोखर बरोबर असते.

समजा, सहाव्या ओळीवर ‘इंट ए = ५’ लिहिलं आणि शेवटचा सेमिकोलन (;) राहिला. सातव्या ओळीवर प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर मजकूर दाखवणारं फंक्शन, आहे. जीसीसी हा कंपायलर सातव्या ओळीकडे बोट दाखवून म्हणतो, ‘एक्स्पेक्टेड कॉमा ऑर सेमिकोलन बिफोर प्रिंटएफ’. सीच्या लेखी नवी ओळ आणि स्पेस यांत इथे काहीच फरक नाही. त्यामुळे ५ नंतर कंपायलर पुढे वाचत जातो आणि प्रिंटएफपाशी अडतो. कॉमा का सुचवला? कारण ‘इंट ए = ५, बी = ६’ हेही चालतं; त्या जागी काय काय येऊ शकलं असतं, ते तो सांगतोय. म्हणजे ओळीचा आकडा वाचन कुठे अडलं ते सांगतो. सिंटॅक्सची चूक तिथे नसेल तर तिथून वर शोधत जा. महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर तक्रार थेट फाइलच्या शेवटच्या ओळीवर येते!

एकदा अडल्यावर कंपायलर अंदाजाने पुढे वाचायला लागतो. अंदाज चुकला की खोट्या एररची रांग लागते. म्हणून फक्त पहिली एरर दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. वीस एरर बघून प्रोग्राम पुसून टाकणारी मुलं पाहिली की फार वाईट वाटतं.

‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम’ ही एरर नवख्याला सगळ्यात जास्त घाबरवते. वर्डमधून किंवा वेबसाइटवरून कोड कॉपी केला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात. असं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि ३४२ हा त्यातल्या पहिल्या बाइटचा अष्टमान (आठच्या पायावरचा) आकडा. जुने जीसीसी तिन्ही बाइटसाठी वेगळी तक्रार करायचे. चिन्हं पुसून स्वतः टाइप केली की झालं.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ मात्र कंपायलरची नव्हे, लिंकरची, म्हणजे तयार झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची, तक्रार. वाचून झालंय, पण बोलावलेलं फंक्शन सापडत नाहीये. लिनक्सवर मॅथ डॉट एच हे गणिताचं हेडर जोडूनही स्क्वेअररूटसाठी ही एरर येते, कारण हेडरमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते. प्रत्यक्ष कोड गणिताच्या लायब्ररीत असतो आणि ती कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ लिहून जोडावी लागते.

वॉर्निंगही सोडू नका, नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा ‘-वॉल’ हा पर्याय लावूनच कंपाइल करा. आधी ओळख करून न दिलेलं फंक्शन वापरलं तर जीसीसी पूर्वी नुसती वॉर्निंग द्यायचा; २०२४ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीपासून तो तिथेच थांबतो.