विरल आम्लातले डायजेशन म्हणजे एक्स्ट्रॅक्शन नव्हे

भाज्यांमधील शिसे, कॅडमिअम, लोह मोजण्यासाठी नमुना तयार करताना ‘विरल नायट्रिक आम्ल वापरले, म्हणजे पद्धत हरित (पर्यावरणाला कमी घातक)’ एवढ्या आधारावर दोन भिन्न क्रिया सर्रास एकाच नावाखाली खपवल्या जातात. एक म्हणजे बंद भांड्यातले मायक्रोवेव्ह डायजेशन, म्हणजे आम्लाने भाजीतील सेंद्रिय द्रव्यच मोडून टाकणे; आणि दुसरी म्हणजे अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने केलेले एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे भाजी तशीच ठेवून फक्त धातू द्रावणात ओढून घेणे.

संहत (तीव्र) आम्लातले डायजेशन थोडक्यात असे: सुमारे 14 मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) आम्ल, 200 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, तपकिरी वायू आणि शेवटी उपकरणाला सोसेल इतके विरलीकरण. हेच काम सुमारे 2 मोलर आम्लात होऊ शकते, हे मात्र अनेकांना पटत नाही, आणि ‘मग ते एक्स्ट्रॅक्शनच असणार’ असा समज इथूनच सुरू होतो.

प्रत्यक्षात त्या भांड्यात आम्ल पुन्हा पुन्हा तयार होत असते. सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण करताना नायट्रिक आम्लाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन नायट्रिक ऑक्साइड वायू बाहेर पडतो. मायक्रोवेव्हने द्रव तापतो, पण वरची पोकळी त्यामानाने थंड राहते; तेथील ऑक्सिजनमुळे या वायूचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो भांड्याच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या द्रवात मिसळून पुन्हा आम्लरूपाने खाली येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात ते मुख्यतः या ऑक्सिजनसाठी. म्हणजे आम्ल कमी असले तरी भाजीतील कार्बनचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि डायजेशन म्हणायचे ते यालाच.

अल्ट्रासाउंडच्या टबमध्ये यातले काहीच घडत नाही. बुडबुडे फुटून पेशीभित्तिका मोडतात, पेक्टिनसारख्या घटकांनी धरून ठेवलेल्या धातूंच्या जागी आम्लातील हायड्रोजन आयन बसतात आणि धातू द्रावणात उतरतात; भाजी मात्र भाजीच राहते. पालकाची पूड घेतली असेल तर सेंट्रिफ्यूजनंतर नळीच्या तळाशी मेंदीच्या रंगाचा गाळ दिसतो आणि वर नितळ, पिवळसर द्राव. हा नितळपणाच फसवतो, कारण त्या द्रावात शर्करा आणि सेंद्रिय आम्ले विरघळलेलीच असतात. आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे आरगॉनच्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणाऱ्या उपकरणात, त्यांचा कार्बन आरगॉनशी जोडला जाऊन 52 वस्तुमानावर क्रोमिअमचे सोंग घेतो, तर आर्सेनिक आणि सेलेनिअमचे संकेत फुगवतो. टक्कर कक्ष (वायूशी टक्कर घडवून असे जोड-आयन अडवणारा उपकरणाचा भाग) वापरल्यास क्रोमिअमचा प्रश्न बराच सुटतो, पण आर्सेनिकचे फुगणे त्याने थांबत नाही.

माझी खरी तक्रार रिकव्हरीबद्दल, म्हणजे धातू किती टक्के परत मिळाला या मोजणीबद्दल आहे. एक्स्ट्रॅक्शन पूर्ण झाले हे दाखवण्यासाठी नमुन्याच्या भुकटीत धातूचे प्रमाणित द्रावण टाकतात आणि तेवढे परत मिळाले की पद्धत सिद्ध झाली असे मानतात. बाहेरून टाकलेला धातू भाजीच्या ऊतींत कधी बांधलाच गेलेला नसतो, तेव्हा तो परत मिळण्यात नवल ते काय? एक्स्ट्रॅक्शनची परीक्षा एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या 1570ए या पालकाच्या पानांसारख्या प्रमाणित संदर्भ पदार्थावर (ज्यातील धातूंचे प्रमाण आधीच ठरवलेले असते), किंवा त्याच नमुन्याच्या पूर्ण डायजेशनशी ताडूनच घ्यावी. 

वेळ, वीज आणि भांड्यांची किंमत यांतले फरक माझ्या लेखी दुय्यम आहेत. एकूण धातू हवे असतील तर मी विरल आम्लातले डायजेशनच निवडेन. एक्स्ट्रॅक्शन, तेही त्या धातूसाठी आणि त्या भाजीसाठी तपासलेले असेल तरच, शिसे-कॅडमिअमच्या प्राथमिक चाळणीपुरते ठेवेन. असेंद्रिय आर्सेनिक किंवा मिथाइल-पारा वेगळा मोजायचा असेल तर मात्र एक्स्ट्रॅक्शनला पर्याय नाही, कारण डायजेशनमध्ये ही रूपे टिकत नाहीत आणि हाती फक्त एकूण आर्सेनिक किंवा एकूण पारा उरतो.