ताकद की डाव? जपानी लढाऊ मंगातल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू ताकदीवर जिंकतो की डोक्यावर, हा वाद मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणाऱ्यांत हमखास रंगतो. एकाच पात्राकडे बघून तो सुटायचा नाही. गेल्या सत्तर वर्षांत जपानी लढाऊ मंगानं या प्रश्नाकडे बघण्याची रीत अनेकदा बदलली आणि दर वेळी कळीचा मुद्दा तोच राहिला: कथेनं ताकदीला मर्यादा कुठे घातली? वजनाची, नियमाची, माहितीची, कसलीही मर्यादा असली की डाव टाकायला जागा मिळते. ती उठली की उरते फक्त चढाओढ.

सुरुवात ज्युडोपासून करायला हवी. कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत फेक तीन टप्प्यांत होते. आधी समोरच्याचा तोल मोडायचा, त्याला म्हणतात कुझुशी. मग आपलं अंग योग्य जागी बसवायचं, ती त्सुकुरी. शेवटी प्रत्यक्ष फेक, म्हणजे काके. नवखा माणूस पहिला टप्पा गाळतो, सगळं अंगबळानं ओढू पाहतो आणि जड प्रतिस्पर्धी जागचा हलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलाखालच्या जपानात शाळांमधून ज्युडो बंद होतं. १९५० मध्ये ते परत आलं आणि १९५२ मध्ये एइइची फुकुई यांची ‘इगागुरी-कुन’ ही ज्युडोवरची मंगा सुरू होऊन मुलांनी डोक्यावर घेतली. लहान चणीच्यानं धिप्पाडाला लोळवायचं, ही कल्पना या परंपरेत मुरलेली आहे. नाओकी उरासावा यांच्या १९८६ च्या ‘यावारा!’मधली ठेंगणी नायिका खांद्यावरून फेकायच्या सेओइ-नागेनं धडधाकट प्रतिस्पर्ध्यांना उचलते, तेव्हा वाचकाला ते अशक्य वाटत नाही. तोल आधी मोडलेला त्याला दिसतो.

मुष्टियुद्धात मर्यादा काट्यावरच ठरते. ‘आशिता नो जो’ १९६८ ते १९७३ या काळात आली. लेखन इक्की काजिवारा यांचं (ताकामोरी आसाओ या नावानं), चित्रं तेत्सुया चिबा यांची. नायक जोचा गाजलेला डाव असा: दोन्ही हात खाली सोडायचे, चेहरा उघडा टाकून समोरच्याला सरळ ठोसा मारायला लावायचं, आणि तो येत असतानाच त्याच्या हातावरून आपला हात आडवा घालून जबड्यावर मारायचं. हाच क्रॉस काउंटर. पुढे झेपावणाऱ्याचा वेग आणि जोच्या मुठीचा वेग एकत्र होतात, म्हणून हलक्या माणसाचा ठोसाही जड बसतो. क्षणभर उशीर झाला, तर मात्र उघड्या तोंडावर पूर्ण मार. शिवाय हा डाव सरळ ठोशावर चालतो, खालून येणाऱ्या अपरकटवर नाही. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी यानं जोला पाडलं ते अपरकटनंच.

या रिकिइशीला चिबांनी सुरुवातीलाच जोपेक्षा बराच उंच काढून ठेवलं होतं. दोघांची लढत बँटमवेटमध्ये, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंच्या आत लावायची, तर त्याला वजन उतरवणं भागच होतं. त्यातून वजनकपातीचं ते भीषण प्रकरण उभं राहिलं. रिकिइशी जिंकतो आणि मरतो. २४ मार्च १९७० रोजी कोदान्शा या प्रकाशनसंस्थेत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला आणि त्याला सुमारे ७०० माणसं आली. वजनगटाचा एक साधा नियम कथेला किती खोल नेऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण या प्रकारात नाही.

पुढच्या काळात ‘शोनेन जंप’ या मंगा साप्ताहिकाचा जोर वाढला. वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिकेचं आयुष्य ठरू लागलं, आणि लोकप्रिय मालिका चालू ठेवायची तर पुढचा शत्रू आधीच्यापेक्षा बलवान हवा. ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या मंगानं (१९७९) ताकदीला थेट आकडा दिला. नायकाची ताकद ९,५०,०००, शत्रू बफेलोमॅनची १ कोटी. मग नायकाच्या बाजूच्या वॉर्समॅनचं प्रसिद्ध गणित: दोन पंजांचे १० लाख अधिक १० लाख मिळून २० लाख, दुप्पट उंच उडीनं ४० लाख, तिप्पट फिरकीनं १ कोटी २० लाख. हिशेबानं त्यानं बफेलोमॅनला मागे टाकलं, तरी लढत तो हरलाच. हे गणित भाबडं आहे, पण त्यात पुढच्या सगळ्या आकडेवाल्या लढतींचं बीज आहे.

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ चालली. पहिल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गोकू आणि जॅकी चुन एकाच वेळी उडी घेऊन लाथ मारतात आणि दोघेही कोसळतात. चुन जिंकतो, कारण त्याचा पाय लांब. हा झाला पल्ल्याचा हिशेब. गोकूचा भाऊ राडिट्झ शत्रू म्हणून ताकद मोजायचं यंत्र, स्काउटर, घेऊन येतो आणि सूर बदलतो. शेतकऱ्याचा आकडा ५. जड कपडे उतरवल्यावर गोकू ४१६, त्याच्या बाजूनं लढणारा जुना वैरी पिकोलो ४०८. राडिट्झचा आकडा पुढे पूरक पुस्तकात १५०० छापला गेला, म्हणजे दोघांची बेरीज जेमतेम त्याच्या निम्म्यावर जाते. तरी तो मरतो: गोकू त्याला मागून धरून ठेवतो आणि पिकोलोचा किरण दोघांच्याही आरपार जातो. स्काउटर त्या घडीची ताकद दाखवतो. ती दडवता येते, एका बिंदूवर एकवटता येते, हे राडिट्झला ठाऊक नव्हतं. आकडे आणून त्यांनाच चकवण्यात तोरियामांचं कसब होतं.

पुढच्या शत्रूची, व्हेजिटाची, लढतही तशीच. मूळ मंगात गोकूचा आकडा आठ हजारांच्या वर म्हटलाय. नऊ हजार ही इंग्रजी डबची देणगी. व्हेजिटा १८,००० चा, आणि महावानर झाल्यावर दसपट. त्याला आवर बसतो तो लपून बसलेल्या याजिरोबेनं शेपूट छाटल्यावर. पण त्याहून मोठ्या शत्रूचा, फ्रीझाचा, ५,३०,००० आला आणि जोरावर जोर एवढंच उरलं. उत्तर गोकूच्या संतापातून, सुपर सायन या नव्या रूपातून आलं. लढत थरारक आहे, पण डावाला तिथे फारसं काम नाही. नंतर आकडे सोडून दिले गेले ते बरंच झालं. सेल या शत्रूच्या भागात तर स्नायू फुगवलेल्या ट्रंक्सला, व्हेजिटाच्या मुलाला, सेलच सांगतो की ताकद वाढली, वेग गेला, ठोसा लागणारच नाही.

माहितीची मर्यादा ‘होकुतो नो केन’नं (१९८३) चांगली वापरली. नायक केन्शिरोचे मर्मबिंदूंवरचे प्रहार शत्रू साउथरवर चालत नाहीत आणि पहिली लढत तो हरतो. साउथरचं हृदय उजवीकडे आहे, मर्मबिंदूही उलट बाजूला. हे कळल्यावरच दुसरी लढत पलटते. ‘हंटर × हंटर’नं (१९९८) मर्यादेलाच ताकदीचा उगम केलं: कुरापिकाची एक साखळी फक्त विशिष्ट टोळीच्या माणसांवर चालते, दुसऱ्या कुणावर वापरली तर तो मरेल, या अटीमुळेच ती इतकी बळकट.

यातून डाव फसतो कुठे, हेही दिसतं. युक्ती आधी पेरलेली नसेल आणि जिंकल्यावर दोन पानं समजावून सांगावी लागत असेल, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. डावासाठी नायकानं काही मोजलं नसेल, तरी तेच.

दरम्यान खऱ्या आखाड्यानं आपला निकाल दिला. १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या युद्धकलांतल्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा वजनगट नव्हते. सुमारे ८० किलोंचा रॉयस ग्रेसी जिंकला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्यानं सुमारे ११८ किलोंच्या डॅन सेव्हर्नला पायांच्या त्रिकोणात गळा आवळून शरण आणलं. जमिनीवरची ही विद्या सगळे शिकले, तसा वजनाचा फरक पुन्हा जाणवू लागला. १९९७ पासून तिथे वजनगट आले.

केइसुके इतागाकी यांच्या ‘बाकी’त (१९९१ पासून) दोन्ही टोकं शेजारी आहेत. शिबुकावा हा जुजुत्सूचा म्हातारा आयकिडोचे गुरू गोझो शिओदा यांच्यावर बेतलेला. हानायामा सराव करणंच भ्याडपणा मानतो. मोठ्या स्पर्धेत शिबुकावा कराटेवीर दोप्पोला हरवतो, पण उपांत्य फेरीत औषधं आणि अमानुष सरावावर फुगवलेला जॅक त्याला मोडतो. २०१२ साली सुरू झालेल्या ‘केंगान आशुरा’त वजनगट नाहीत, आणि १९३ किलोंच्या वाकात्सुकीला नायक ओहमा पाडतो तो त्याचाच जोर त्याच्यावर परतवून.